सोनेरी डब्यातलं ऑइल

परवा सकाळी दुधीनं सुरू व्हायला साफ नकार दिला, तेव्हा कळलं की थंडी आली. हवामानखात्याच्या आधी आमच्या घरी ही बातमी दुधीच देते.

दुधी म्हणजे आमची गाडी. साठ सालच्या आसपासची, विलायतेत जन्मलेली, गोल टपाची. तिच्या रंगाचं नाव कंपनीच्या पुस्तकात फार काव्यमय दिलेलं आहे, पण सदाशिव पेठेत काव्य चालत नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पहिल्यांदा दारात उभी केली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या पेंडसेकाकांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अरे वा, दुधी आणलात! कोवळा आहे का बघून घेतलात ना?" झालं. बारसं आटोपलं.

थंडी पडली की दोन गोष्टी घट्ट होतात, न्हाणीघरातलं खोबरेल आणि दुधीचं ऑइल. लहानपणी खोबरेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवायचं काम माझं असे आणि ऑइल बघायचं काम अप्पांचं. बॉनेट उघडायचं, लांब पट्टी बाहेर ओढायची, जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसायची, परत बुडवून काढायची. मग तो काळा थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेऊन अप्पा डोळे मिटून चोळत बसत. आई वरून म्हणे, "नाडी लागते का हो?"

आता ते सगळं मी करते. पन्नाशीची बाई भर सकाळी स्वेटरवर एप्रन चढवून बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहिली की येणारेजाणारे थांबतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. प्रेक्षक असला की माझा हात सुरेख चालतो. पण परवा पट्टी काढली, थेंब बोटांत घेतला, आणि चोळताना तो एक हिवाळा परत आला. आई गेली तो हिवाळा. त्या हिवाळ्यात मी आणि अप्पा फक्त ऑइलबद्दल बोललो.

आई दिवाळी झाल्यावर आठच दिवसांनी गेली. डब्यात चकल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांना मी चहाबरोबर त्या देत होते आणि वर "आईच्या सूचनेबरहुकूम केल्यात, तरी मऊ पडल्या" असं सांगून हसवतही होते. लोक जाताना जिन्यात म्हणत, "खंबीर आहे हो पोरगी." खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की ओठ जसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं मला सगळीकडून झालं होतं. बोलता येत होतं. हसताही येत होतं. चटका लागला असता तर कळला नसता, एवढंच.

चौदाव्या दिवशी अप्पांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "शंकररावांना बोलावतो. दुधीचं इंजिन उघडू. तो आवाज आता काढून टाकायचा."

तो आवाज म्हणजे टिक टिक टिक. शिवणाचं मशीन चालावं तसा. दोनेक वर्षांपूर्वी तो सुरू झाला होता, आणि गल्लीला चांगला परिचयाचा होता. शेवटचं दीड वर्ष आई अर्धांगवायूनं खिडकीपाशी पलंगावर होती. अप्पा रोज सकाळी मंडईत आणि तिकडूनच औषधांना जात. गाडी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली की आई तिसऱ्या मजल्यावरून ओळखायची. म्हणायची, "मशीन आलं गं. पाणी ठेव." आणि मी चहाचं आधण ठेवायची.

"काढू या," मी म्हटलं. रात्रीच्या जेवणाआधी सहज म्हणून संगणकावर शोधायला बसले, की जुन्या इंजिनात असा आवाज येतो तरी कशानं. मी तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होते. कशाचंही उत्तर शोधून काढायचंच, ही आमची व्यावसायिक खोड.

उत्तर सापडलं, आणि त्या उत्तरात मी होते.

जरा समजावून सांगते, अवघड नाही. इंजिनात एक दांडा गरगर फिरत असतो, कॅमशाफ्ट. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा फिरता फिरता एका लोखंडी टोपीला ढुशी मारतो आणि वरची झडप उघडते. ती टोपी म्हणजे टॅपेट. टॅपेट आणि झडप यांच्यामध्ये केसभर फट ठेवतात, तिला म्हणायचं गॅप, आणि तो वाढला की टिक टिक. नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी या दोघांमध्ये चाक असतं, त्यामुळे घासाघीस कमी. जुन्या गाड्यांत चाकबिक काही नाही, लोखंडावर लोखंड घासत राहतं. त्यांच्यामध्ये पडायला जुन्या काळच्या ऑइलमध्ये जस्ताचा एक क्षार घालत. तो धातूवर पातळशी साय धरतो, आणि झिजायचं ते स्वतः झिजतो. पुढे नव्या गाड्यांच्या धुराड्यात धूर साफ करणारं यंत्र आलं, त्याला हा क्षार बाधतो, म्हणून नव्या ऑइलमधून तो कमी केला. नव्यांचं काही बिघडलं नाही. जुन्यांच्या अंगावरची साय मात्र गेली.

आणि दुधीला नवं ऑइल कोणी आणलं होतं? मी!

तो काळच तसा होता. पुण्यात रोज काहीतरी उघडत होतं. आमच्या इमारतीत एकेकाकडे नव्या चकचकीत गाड्या आल्या होत्या, पेंडसेकाकासुद्धा एका लाल गाडीत कुत्र्याच्या पिल्लासारखे मान बाहेर काढून बसत. मी सहा महिने अमेरिकेत काम करून परतले होते आणि मला वाटत होतं की जुन्या सगळ्या गोष्टींना फक्त नव्या चांगल्या मालाची उणीव आहे. औंधला काचेच्या दर्शनी भागाचं एक दुकान निघालं होतं. तिथून मी अप्पांच्या वाढदिवसाला सगळ्यात पातळ, सगळ्यात आधुनिक, कृत्रिम ऑइल आणलं, सोनेरी डब्यातलं. त्यावर लाल रिबीन बांधली. अप्पा आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यात टूलरूमला होते, केसाच्या जाडीचे भाग करून मोजणारा माणूस. त्यांनी डबा हातात घेऊन बराच वेळ बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाले, "छान आहे डबा."

एवढंच. मी त्याला कौतुक समजले.

म्हणजे ते टिक टिक माझ्या डब्यानं सुरू केलं होतं. कॅमचा उंचवटा माझ्या प्रेमळ भेटीनं खाल्ला होता. इंजिन उघडलं की अप्पा तो मायक्रोमीटरनं मोजणार आणि त्यांना कळणार. गाडी म्हणजे त्यांचा जीव होता म्हणावं, तर आता जीव लावायला दुसरं काही उरलंही नव्हतं. मला त्यांना आधी सांगायला हवं होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं आणि मी ते केलं नाही. मी काय केलं? एक्सेलची शीट उघडली.

"अप्पा," मी दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "नवा कॅम बसवला तर पहिल्या तासाला कुठलं ऑइल आहे यावर त्याचं आयुष्य ठरतं. तेव्हा आधी ऑइल ठरवू. मगच उघडू."

यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणून तर बहाणा इतका छान जमला.

मग डिसेंबरभर आमच्याकडे ऑइल चाललं. एका रकान्यात घट्टपणा, एकात जस्त, एकात किती थंडीत किती वाहतं. सकाळी अप्पा दाढी करताना आतून विचारत, "ते ट्रकचं डिझेल ऑइल बघितलंस?" मी पोह्यांवर खोबरं घालत ओरडे, "बघितलं. जस्त भरपूर आहे, पण साबणही भरपूर आहे. जुना गाळ सुटला तर?" "गाळ नाही आपल्याकडे." "तुम्ही म्हणता म्हणून?" "मी म्हणतो म्हणून." मग वरून घालायच्या औषधाची चर्चा. अमेरिकेत जस्ताच्या क्षाराच्या छोट्या बाटल्या मिळतात, कुठल्याही ऑइलमध्ये ओतायच्या. मी म्हटलं दोन ओतू. अप्पा म्हणाले, "मीठ बेतानं. जास्त जस्तही धातूला खातं." तेही मी तपासलं. ते बरोबर होते, आणि त्यांनी ते कुठेही वाचलेलं नव्हतं.

आईचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. पलंग खिडकीपाशीच होता. त्यावर मी ऑइलच्या माहितीचे छापील कागद पसरून ठेवले होते.

परदेशातल्या जुन्या गाडीवाल्यांची एक चर्चेची जागा होती संगणकावर. काय भांडत ती माणसं! जस्तासाठी एकमेकांचे बाप काढत. मला तिथं फार बरं वाटे. ओहायोचे एक आजोबा होते, त्यांनी मला विचारलं, आवाज कधीपासून आहे, गाडी कोण चालवतं, रोज चालते का. मी सरळ उत्तर लिहायला घेतलं आणि बोटांनी आपलंच एक वाक्य टाइप केलं. माझी आई दीड महिन्यापूर्वी गेली. मी ते वाक्य पडद्यावर वाचलं. व्याकरण ठीक होतं. मग ते पुसलं आणि विचारलं, घट्टपणा वीस-पन्नास असला तर पुण्याच्या थंडीला चालेल का?

चालेल, म्हणाले आजोबा.

संक्रांत झाली. हातात तिळगूळ घेऊन शंकररावच आले. शंकरराव आमचे मिस्त्री. नारायण पेठेत नदीच्या अंगाला त्यांचं गॅरेज, आणि मूळ गाव हिंजवडीच्या बाजूचं. त्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. त्यांना काम करायची काडीची गरज उरलेली नव्हती, पण रोज गळ्यात जाड सोन्याची साखळी आणि अंगात ग्रीसनं माखलेला शर्ट घालून ते गॅरेजला येत. नव्या गाड्यांना हात लावत नसत. मला म्हणत, "ताई, तुमच्या कँटीनच्या खाली आमची हीर हाय. पाणी ग्वाड लागत आसंल बगा."

"तर ताई," त्या दिवशी ते म्हणाले, "त्याल ठरलं का न्हाई अजून? आमच्या थोरल्याचं लगीन सुदिक लवकर ठरलं याच्यापक्षा."

अप्पा माझ्याकडे बघत होते. आता रकाने संपले होते.

"उघडा," मी म्हटलं.

इंजिन उघडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून गॅरेजमध्ये गेले. शंकररावांनी कॅमशाफ्ट बाहेर ओढला, रॉकेलनं धुतला आणि फडक्यावर ठेवला. मोजायची गरजच नव्हती. आठ उंचवट्यांपैकी सात अंड्यासारखे, आणि तिसरा बटाट्यासारखा. अप्पांनी तरी खिशातून मायक्रोमीटर काढलाच.

मी एका दमात म्हटलं, "अप्पा, हे मी केलंय. त्या सोनेरी डब्यातल्या ऑइलमध्ये जस्त नव्हतं. मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं. म्हणून मी ऑइल ठरवत बसले होते."

अप्पांनी मायक्रोमीटर फिरवला, वाचला, बंद केला. "अगं, मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय."

शंकरराव जोरात हसले. "ताई, त्या डब्यात मागली दोन वर्सं ट्रकचं त्याल हाय. म्याच भरून देतो की. नरसाळ्यानं!"

मला काही समजेना. मग अप्पांनी त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे शक्य तितक्या कमी शब्दांत, सांगितलं. माझं ऑइल त्यांनी एकदाच घातलं. काही महिन्यांत आवाज आला, तेव्हा ओतून टाकलं आणि पुन्हा आपलं जुनं घातलं. झीज तिथंच थांबली. पण रिकामा डबा त्यांनी टाकला नाही. मी रविवारी गाडी पुसायला खाली जाते, फळीवर नजर जाते, म्हणून ट्रकचं ऑइल त्याच डब्यात आणून ठेवत.

दोन वर्षं मी तो डबा बघून खूश होत होते! एकदा तर पेंडसेकाकांना दाखवून छोटंसं व्याख्यानही दिलं होतं.

"पण मग आवाज?" मी म्हटलं. "टॅपेटचा गॅप थोडा कमी केला असता तर आवाज बसला असता. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही दर महिन्याला गॅप मोजता!"

"त्यो एक गॅप मला बी लावू दिला न्हाई त्येंनी," शंकरराव म्हणाले. आता ते हसत नव्हते.

अप्पा फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "तुझी आई पलंगावर पडली, आणि मी बाहेर गेलो की तिच्या जिवाला घोर लागायचा. जिन्यात पावलं वाजेपर्यंत. त्या आवाजानं तिला गिरणीपासूनच कळायचं. गिरणी ते जिना, गाडी लावणं, तीन मजले. चारपाच मिनिटं होतात. तेवढी तिची वाचायची." मग शंकररावांकडे वळून म्हणाले, "नवा कॅम कधी येतोय?"

मला वाटलं, आता रडू येईल. जागा योग्य होती, प्रसंग योग्य होता, माझ्यासारखी बाई अशी संधी सोडत नाही. काही आलं नाही. मी विचारलं, "काळी पेस्ट आहे ना कॅमला लावायला?"

नवा कॅम बसला. त्याच्या उंचवट्यांना काळी पेस्ट चोपडली, ट्रकचं ऑइल भरलं, त्यात औषधाची एक बाटली, बेतानं. नव्या कॅमची एक रीत असते. गाडी पहिल्यांदा सुरू केली की तिला गुरगुरत ठेवायचं नाही. लगेच वेग वाढवायचा आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायचा नाही. तेवढ्या वेळात कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसून जातात, किंवा एकमेकांना कायमचे खातात. मध्ये थांबलात तर संपलं.

हा समारंभ आमच्याच इमारतीखाली, रविवारी सकाळी झाला. मी पायडलवर. अप्पा घड्याळ घेऊन बॉनेटपाशी. आवाज एवढा की तीन इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. पेंडसेकाका हातात ब्रश, तोंडात फेस अशा अवस्थेत खाली आले आणि ओरडले, "अप्पा, कुठे निघालात? की इथूनच पोचणार?"

अप्पांनी बोटं वर केली. चौदा.

बाराव्या मिनिटापासून माझा पाय बधिर व्हायला लागला होता. तो हलवायचा नव्हता. गाडी थरथरत होती, माझे दात वाजत होते, आणि मी त्या पायाकडे बघत होते. अंगाचा एक तरी भाग बधिर असल्याचं मला स्वच्छ कळत होतं. अप्पांनी हात खाली आणला तेव्हा मी पाय उचलला. दुधी शांत झाली. इतकी शांत की पेंडसेकाकांच्या चूळ भरण्याचा आवाज आला. पायाला मुंग्या आल्या. फक्त पायाला.

अप्पांनी इंजिनाला कान लावला. "छान," म्हणाले. डबा छान आहे म्हणाले होते त्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी ते मंडईत गेले. मी पलंगावरचे ऑइलचे कागद आवरत खिडकीपाशी बसले होते. एकदम दार वाजलं. दारात अप्पा, हातात मेथी, मटार आणि तोंडावर किंचित अपराधी भाव. गाडी कधी गिरणीवरून वळली, कधी खाली लागली, मला काहीच कळलं नव्हतं.

"चहा ठेवलेला नाही," मी म्हटलं. आणि मग तिथं, मटारची पिशवी हातात घेता घेता, जे इतके दिवस अडलं होतं ते आलं. काही नाटक न करता आलं. अप्पा आत जाऊन स्वतःच आधण ठेवून आले आणि माझ्याशेजारी बसून मटार सोलायला लागले. बराच वेळ आम्ही ऑइलबद्दल बोललो नाही.

याला आता पुष्कळ हिवाळे झाले. शंकररावांनी गॅरेज बंद केलं. गिरणीच्या जागी केकचं दुकान आलं. ऑइल अजून ट्रकचंच, औषध अजून बेतानं, डबा अजून सोनेरी. त्याचा पत्रा गंजलाय, पण मी नरसाळं लावून त्यातच भरते.

परवा दुधी कशीबशी सुरू झाली. मी तिला मंडईपर्यंत फिरवून आणली. केकच्या दुकानापाशी वळले, गाडी लावली, तीन मजले चढले. अप्पा आता ऐंशी ओलांडून बरेच पुढे गेलेत. गुडघे बोलतात, म्हणून ते खाली उतरत नाहीत, खिडकीपाशी बसून असतात. दार उघडंच होतं. गॅसवर आधण उकळत होतं.

"तिसऱ्याचा गॅप वाढलाय," अप्पा म्हणाले.

"वाढलेला नाही. ठेवलाय."

त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाले, "साखर तू घाल. मला डबा सापडला नाही."